तळ्याकांठचें चार दिवसांचें बिऱ्हाड

पौष महिना आपल्याकडे रिकामा समजला जातो. लग्नें नाहींत, मुंजी नाहींत, वास्तुशांत नाहीं. ज्या एकत्र कुटुंबांतील माणसें एरव्हीं मांडवाखेरीज कोठेंही गोळा होत नाहींत, त्यांना पौषांत मात्र न भेटण्यास सबब उरत नाहीं. त्यांतच नाताळची सुटी येते, मुलांच्या शाळा बंद असतात आणि नोकरदार मंडळींची शिल्लक रजा वर्षाअखेर बुडण्याच्या बेतांत असते. गेल्या पौषांत आमच्या घरीं असाच योग जुळून आला. लहानथोर मिळून सतरा माणसें चार दिवस मोकळीं होतीं. आणि या चार दिवसांचें काय करावें, हा प्रश्न दिवाळीच्या फराळापासूनच घरांत फिरत होता.

मतें दोन पडलीं. आमच्या मातोश्री ब्यायशीं वर्षांच्या. डोळे मिटण्यापूर्वीं अंबाजोगाईस जाऊन योगेश्वरीचें दर्शन एकदां घडावें, ही त्यांची इच्छा. कोंकणस्थांपैकीं अनेक कुळांची ही कुलस्वामिनी, आमचीही तीच. घरांत तिचा टाक आहे, तिच्या नांवानें बोडण होतें. परंतु प्रत्यक्ष तिच्या पायांशीं जाऊन आम्हांस चाळीस वर्षें होऊन गेलीं होतीं. उलट तरुण मंडळींचें म्हणणें असें कीं, देवदर्शन म्हणजे धर्मशाळा, रांग आणि परतीची घाई. त्यांना कोठें तरी पाण्याच्या कांठीं, उघड्या आकाशाखालीं, तंबू ठोकून राहावयाचें होतें. दोन्ही पक्ष आपापल्या जागीं ठाम होते. शेवटीं आमच्या धाकट्या सुनेनें नकाशा उघडला आणि सर्वांस दाखविलें कीं, अंबाजोगाई ज्या बीड जिल्ह्यांत आहे, त्याच जिल्ह्यांत तळ्यांचीही वाण नाहीं; आणि मांजरा नदीचा मोठा जलाशय तर देवीच्या देवळापासून तासाभराच्या वाटेवर आहे. म्हणजे दोन सहली नसून ती एकच सहल होती. अशा रीतीनें पहिला तंटा मिटला आणि लगेच दुसरा उभा राहिला : बीडला का कोणी हवा खावयास जातें?

वाचकांपैकीं पुष्कळांच्या मनांत हाच प्रश्न आला असेल. बीड म्हटलें कीं दुष्काळ आणि टँकर हींच चित्रें आपल्यापुढें उभीं राहतात, आणि तीं खोटीं नाहींत. हा मुलूख सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत आहे. परंतु जेथें पावसाचा भरंवसा नाहीं, तेथेंच माणसाला पाणी अडवून ठेवावें लागतें. जिल्ह्याची उत्तर सीमा गोदावरीनें आंखलेली आहे. मधून बालाघाटची डोंगररांग जाते. या डोंगरांत, पाटोदा तालुक्यांत, मांजरा उगम पावते आणि तीन राज्यांतून वाहून अखेर गोदावरीस मिळते. सिंदफणा, बिंदुसरा, वाण, कुंडलिका या नद्याही याच प्रदेशांतल्या. पाणी जपण्याची विद्या येथें जुनी आहे. बीड शहराजवळची खजाना विहीर निजामशाहीच्या काळांत, सोळाव्या शतकांत बांधली गेली आणि भूमिगत नळांनीं तिचें पाणी शेतांना पोहोंचविण्याची योजना तेव्हांच झाली. बीडमधलें कंकालेश्वराचें प्राचीन देऊळ तर पाण्याच्या कुंडामध्येंच उभें आहे. तेव्हां तळें पाहावयाचें तर ज्यांना पाण्याची किंमत ठाऊक आहे त्यांच्या मुलखांत पाहावें, असें आम्ही ठरविलें.

आतां तळ्यांची निवड. मुक्कामाच्या दृष्टीनें तीन जागा आमच्या विचारांत होत्या. पहिली बीडपासून जवळची, पाली येथील बिंदुसरेचें धरण. सोलापूर–धुळें रस्त्यास अगदीं लागून असल्यामुळें जाण्यास सोयीचें, परंतु त्याच कारणानें निवांत नाहीं. पावसाळ्यांत सांडव्यावरून पाणी पडूं लागलें म्हणजे तेथें जत्रा लोटते. दुसरें माजलगांवचें धरण. सिंदफणेवरील हें धरण १९८७ सालीं पूर्ण झालें. त्याचा उपयुक्त साठा सुमारें ३१२ दशलक्ष घनमीटर असून पैठणच्या नाथसागराचें पाणी उजव्या कालव्यानें येथें आणतां येतें. गोदेकांठचें पुरुषोत्तमपुरी, जेथें अधिक महिन्यांत भाविकांची रीघ लागते, तें याच तालुक्यांत आहे. तिसरें मांजरा धरण, केज तालुक्यांत धनेगांवजवळचें. हें १९८० सालीं पूर्ण झालें. साठा माजलगांवच्या मानानें लहान, सुमारें १७७ दशलक्ष घनमीटर. पण लातूर शहर, अंबाजोगाई, केज, कळंब अशा अनेक गांवांची तहान त्यावर भागते. मातोश्रींच्या प्रकृतीस एका दिवसांत फार प्रवास सोसणार नव्हता. म्हणून अंबाजोगाईस सर्वांत जवळचें असें हें तिसरें तळें आम्ही पसंत केलें.

राहावयाचें कशांत, हा पुढचा प्रश्न. आमच्या पुतण्याच्या डोक्यांत मोटारीचें घर होतें : आंत बिछाने, ओटा, न्हाणीघर, सर्व कांहीं चाकांवर. युरोप-अमेरिकेंत कुटुंबेंच्या कुटुंबें असल्या गाड्यांतून महिना महिना फिरतात. महाराष्ट्र शासनानेंही २०२१ सालीं या कॅरॅव्हॅन-पर्यटनाचें धोरण जाहीर केलें आहे. चौघांच्या कुटुंबास ती सोय उत्तम आहे, यांत शंका नाहीं. परंतु सतरा माणसांस तशा तीनचार गाड्या लागल्या असत्या. शिवाय त्या गाडीस सपाट, टणक जागा लागते, विजेची जोडणी लागते, सांडपाणी रिकामें करण्याची व्यवस्था लागते. मराठवाड्याच्या काळ्या जमिनींत, बैलगाडीच्या चाकोरींतून, तें धूड नेणें म्हणजे हत्ती गल्लींत घालण्यासारखें होतें. तेव्हां दोन मोठ्या मोटारी, भाड्याचे पांच तंबू आणि मातोश्रींसाठीं एक घडीची खाट असा सुटसुटीत बेत कायम झाला.

यांत नवीन तें काय, असें मातोश्रींनीं आम्हांस विचारलें, आणि त्यांचें बरोबर होतें. आमच्या पणजोबांच्या पिढींत यात्रा म्हणजे हेंच असे. छकड्यांतून धान्य, भांडीं आणि पांघरुणें घ्यावयाचीं, नदीकांठीं राहुटी नाहींतर पाल ठोकावयाचें, तीन दगडांची चूल मांडावयाची आणि पहांटे पुन्हां गाडी जुंपावयाची. तळ, मुक्काम, कूच हे शब्द आपल्या भाषेंत सहल करणाऱ्यांनीं आणलेले नाहींत. गेवराई तालुक्यांतील राक्षसभुवनास १० ऑगस्ट १७६३ रोजीं थोरल्या माधवरावांनीं निजामाचा पराभव केला, तेव्हां ते अवघे अठरा वर्षांचे होते. ही हकीकत ऐकल्यावर आमच्या अठरा वर्षांच्या चिरंजीवांनीं, एरव्हीं ज्यांस स्वतःचें अंथरूण गुंडाळण्याचाही कंटाळा, तंबू ठोकण्याचें काम आपण होऊन पत्करलें.

खरा पेंच मात्र निराळाच होता, आणि तो आमच्या वहिनींनीं सर्वांसमक्ष मांडला. त्या म्हणाल्या, "सहल सर्वांची आणि चूल माझी, असें होणार असेल तर मी घरींच बरी. येथें निदान नळाला पाणी आहे आणि ओटा कमरेइतका उंच आहे." त्यांचें बोलणें आम्हांस लागलें, कारण तें खरें होतें. मागें एकदां आम्ही सर्व मंडळी एका थंड हवेच्या ठिकाणीं आठ दिवस गेलों होतों. परत आल्यावर कोणी काय काय पाहिलें याच्या गप्पा निघाल्या, तेव्हां वहिनींनीं त्या गांवचें स्वयंपाकघर सोडून दुसरें कांहींच पाहिलें नव्हतें, हें उघडकीस आलें होतें. म्हणून या खेपेस निघण्यापूर्वींच एक कागद लिहून भिंतीवर लावला. चार दिवसांच्या आठ जेवणांपैकीं तीन पुरुषांनीं करावयाचीं, दोन मुलांनीं, एक जेवण शेजारच्या गांवांतून भाकरी-पिठलें विकत आणून, आणि दोनच स्त्रियांनीं. भांडीं ज्याचीं त्यानें घांसावयाचीं. वाचकांस आमची एकच सूचना आहे : जागा, वाहन आणि तंबू हे सर्व ठरण्याआधीं हा कागद लिहावा. तो न लिहितां निघालेल्या सहलीस आपल्या घरांतील निम्मीं माणसें केवळ देहानेंच येतात.

पाण्याचा हिशेबही आधींच केला. पिणें आणि स्वयंपाक यांस माणशीं दररोज सहा लिटर धरले, तर सतरा माणसांस १०२ लिटर होतात. म्हणून वीस लिटरांच्या अकरा कॅन अंबाजोगाईहून भरून घेतल्या, म्हणजे दोन दिवसांची बेगमी झाली. तळें समोर पसरलेलें असलें तरी त्याचें पाणी उकळल्यावांचून तोंडांत घालूं नये. स्नानास आणि धुण्यास विहिरीचें पाणी, तेंही धन्याच्या परवानगीनें, घ्यावें. साबणाचें पाणी तळ्यांत जाऊं देऊं नये. शौचाची व्यवस्था हा विषय मासिकांतून कोणी लिहीत नाहीं. परंतु स्त्रियांच्या दृष्टीनें सहलीचें सुखदुःख पुष्कळसें त्यावरच अवलंबून असतें. आम्ही त्यासाठीं एक लहान उभा तंबू मुद्दाम नेला होता. पाण्यापासून दोनशें फुटांहून अधिक दूर खड्डा घेऊन तो उभा केला, शेजारीं मातीचा ढीग व खोरें ठेवलें आणि निघतांना खड्डा नीट बुजविला.

तंबूच्या जागेसंबंधींही थोडें सांगितलें पाहिजे. धरणाची भिंत व तिच्या लगतचें आवार हें जलसंपदा विभागाच्या ताब्यांत असतें. तेथें परवानगीवांचून तळ देतां येत नाहीं. पाणी ओसरत जातें तशी कांठाची जमीन उघडी पडते आणि तींत गाळपेरीचीं पिकें घेतलीं जातात. ती ओसाड समजून तुडवूं नये. शिवाय ही काळी माती वरून वाळलेली दिसते आणि पाय देतांच घोट्यापर्यंत गिळते. धरणाच्या खालच्या अंगास, नदीच्या पात्रांत किंवा कांठावर, तंबू कधींही ठोकूं नये. दरवाजे उघडले म्हणजे पाणी विचार करावयास वेळ देत नाहीं. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टींत याच मांजरा-सिंदफणेनें कांठच्या गांवांची जी दशा केली, ती ज्यांनीं पाहिली त्यांस अधिक सांगणें नको. म्हणून उंचवट्यावरचें, मुरमाड जमिनीचें, एखाद्या शेतकऱ्याचें पीक निघालेलें शेत त्याच्या संमतीनें घ्यावें, हें सर्वांत उत्तम.

औषधांची पेटी, घोंगड्या, कंदील आणि विजेऱ्या यांची यादी प्रत्येक गृहिणीस येतेच. पौषांत येथें रात्रीं पारा दहाबारा अंशांपर्यंत उतरतो, म्हणून वृद्धांसाठीं कानटोप्या आणि शेकावयाची रबरी पिशवी विसरूं नये. एक धोका मात्र ध्यानांत ठेवावा. नाग, घोणस, फुरसें आणि मण्यार हे चारही विषारी साप आपल्या महाराष्ट्रांत आहेत. पैकीं मण्यार रात्रीं फिरते, जमिनीवर निजलेल्या माणसास चावते आणि दंशाची वेदना पुष्कळदां जाणवतही नाहीं. तंबूची चेन सदैव लावलेली असावी, जोडे झटकून घालावे, सरपणाचा ढीग अंथरुणापासून दूर रचावा. दंश झालाच तर मंत्र, पट्ट्या आणि चिरा यांत एक क्षणही न घालवितां १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा थेट मोठें रुग्णालय गांठावें. अंबाजोगाईस स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचें रुग्णालय आहे. तेथवर जाण्याचा रस्ता आम्ही आल्या दिवशींच, उजेड असतांना, पाहून ठेवला होता. ईश्वरकृपेनें त्याची गरज पडली नाहीं.

पुण्याहून अहिल्यानगर, आष्टी, जामखेड या मार्गानें आम्ही निघालों. जामखेड मागें पडल्यावर सौताड्याच्या घाटांत थांबलों. येथें विंचरणा नदी खोल दरींत उडी घेते आणि खालीं रामेश्वराचें देऊळ आहे. पौषांत धार बारीक होती. तरी मातोश्रींनीं कठड्याजवळ उभें राहून तिला हात जोडले. पाटोदा तालुक्यांतच नायगांवचें मयूर अभयारण्य आहे, आणि मांजरसुंब्याजवळ मन्मथस्वामींच्या समाधीनें पावन झालेलें कपिलधार. तीं परतीच्या वाटेस राखून ठेवून आम्ही दिवेलागणीस अंबाजोगाईस पोहोंचलों. ज्यांस मोटार नको असेल त्यांच्यासाठीं सांगतों कीं, १७ सप्टेंबर २०२५ पासून अहिल्यानगर–बीड आगगाडीही सुरूं झाली आहे.

दुसऱ्या दिवशीं पहांटे दर्शन झालें. मार्गशीर्ष पौर्णिमेचा उत्सव उरकून गेलेला, म्हणून गर्दी बेताची होती. मातोश्री गाभाऱ्यापुढें बराच वेळ बसून राहिल्या. सुनांनीं ओट्या भरल्या. देवीची कथा मुलांस तेथेंच सांगितली : परळीच्या वैजनाथाशीं लग्न लागावें म्हणून ती कोंकणांतून वऱ्हाड घेऊन निघाली, मुहूर्त टळला आणि ती येथेंच कुमारिका राहिली, वऱ्हाडाचे दगड झाले ते हत्तीखान्याच्या लेण्यांत आहेत, असें सांगतात. "आजी, तेव्हांही सर्वांची तयारी व्हायला उशीरच होत असे का?" या आमच्या नातीच्या प्रश्नानें भटजीही हंसले. पुढें आद्यकवि मुकुंदराज आणि दासोपंत यांच्या समाधींचें दर्शन घेतलें. दासोपंतांनीं 'पंचीकरण' लिहिलें तें एका लांबलचक पासोडीवर, म्हणजे जाड्याभरड्या पांघरण्याच्या वस्त्रावर. थंडींत अंगावर घ्यावयाच्या कापडाचा असाही उपयोग होऊं शकतो, हें पाहून आमच्या पांघरुणांच्या यादीकडे आम्ही जरा आदरानें पाहिलें.

तिसऱ्या प्रहरीं तळ्यावर आलों. जलाशयाच्या एका अंगास लहानसें गांव आहे. गांवांत शिरतांच एक गोष्ट ध्यानांत आली : दहांतील सहा घरांना कुलुपें होतीं. पारावर म्हातारीं माणसें होतीं, अंगणांत लहान मुलें होतीं. मधल्या वयाचें माणूस क्वचित्. ज्या शेतांत तळ द्यावयाचा होता त्याचा धनी ओळखीच्या माणसाकरवीं आधींच कबूल झाला होता. तोही ऊसतोडीवर गेलेला. घरीं त्याची आई आणि दोन नातवंडें. त्या बाईंनीं आम्हांस जागा दाखविली, विहिरीवर नेलें आणि पहिलें वाक्य बोलल्या तें असें : "पाण्यात काही टाकू नका बरं का. हेच पाणी खाली लोक पितेत."

त्या संध्याकाळचें वर्णन आम्ही वाढवीत नाहीं. थव्यांनीं उतरणारे चक्रवाक, लांब तांबड्या पायांचे शेकाटे, पंख पसरून वाळत बसलेले पाणकावळे आणि चोंचीच्या पिवळ्या टोकामुळें आणि तिच्या मुळाशीं असलेल्या तांबड्या ठिपक्यांमुळें ज्यास हळदी-कुंकू म्हणतात तें बदक, हें सर्व मुलांनीं एका दुर्बिणीवर झटापट करीत पाहिलें. शुक्ल पक्ष होता, चांदणें होतें. पुरुषांच्या हातचें पहिलें पिठलें गांठी होऊन आलें आणि वहिनींनीं तें मुकाट्यानें, अतिशय समाधानानें खाल्लें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं शेताच्या आजी हुरड्याचीं कणसें घेऊन आल्या. गोवऱ्यांच्या आरांत कणसें भाजलीं, मुलांनीं तीं चोळून हुरडा काढला, वर गूळ आणि शेंगदाण्याची चटणी. मातोश्री आणि त्या आजी खाटेवर शेजारीं शेजारीं बसल्या. मातोश्रींनीं विचारलें, "मुलगा-सून कधीं येणार?"

"आता पाडव्याच्या अंगानं, माय. दसरा झाला की मुकादमाची उचल घेतेत अन् दिवाळी झाली की जातेत. दोघं मिळून एक कोयता. धाकटं लेकरू संगं नेलंय, ही दोन माझ्यापाशी. शाळा बुडू नये म्हणून."

"आणि तिकडे राहतात कशांत?"

"कोपीत. बांबू, चटया, वरून कागद. तुमच्यावाणीच की," आजी तंबूंकडे पाहून म्हणाल्या. त्यांत टोमणा नव्हता. साम्य दिसलें तें त्यांनीं बोलून दाखविलें. सोबत काय नेलें तेंही सांगितलें : दोन भगुणीं, तवा, पत्र्याची पेटी, वाकळा, पाण्याची घागर, एक शेळी. आमच्या यादींत त्रेसष्ट जिनसा होत्या आणि त्या तपासण्याचा कागद तेव्हां आमच्या हातांतच होता. आम्ही तो घडी करून खिशांत ठेवला.

मग त्यांनीं पाण्याकडे बोट दाखविलें. "आमचं जुनं गाव तिथं, खाली. मी लग्न होऊन आले अन् दोन वर्षांत धरणाचं पाणी चढलं. वर नवं गाव वसवलं. सोळा साली तळं आटलं, तवा चालत गेले होते. घराचं जोतं उघडं पडलं होतं. जात्याची खालची तळी तशीच. समदे पाणी नाही म्हणून रडत होते, अन् मी घर दिसलं म्हणून रडले."

२०१६ च्या त्या उन्हाळ्याची वाचकांस आठवण असेल. मांजरा धरण कोरडें पडलें आणि लातूर शहरास मिरजेहून आगगाडीनें पाणी न्यावें लागलें. पहिली गाडी १२ एप्रिलला पोहोंचली. आम्ही तेव्हां ती बातमी चहा पितां पितां वाचली होती. ज्या पाण्याच्या नसण्याची ती बातमी होती, त्याच्या कांठीं आज आमचे तंबू होते आणि त्याच्या तळाशीं या बाईंची चूल.

दुपारीं मुलांस गोळा करून आम्ही ही हकीकत सांगितली. उपदेश असा केला नाहीं. परंतु त्या दिवसापासून भांडीं तळ्यापासून दूर नेऊन राखेनें घासलीं जाऊं लागलीं, आणि कॅनमधील शेवटचा तांब्याभर पाणीही कोणी ओतून टाकलें नाहीं. आमच्या नातीनें शेजारच्या मुलीस तंबूंत बोलावून दुर्बीण दिली. तिनें उलट आमच्या सर्व मुलांस, कोणतें बदक कोणत्या वेळीं कोठें उतरतें, हें पुस्तकापेक्षां नीट सांगितलें. जागेचे पैसे आजी घेईनात. तेव्हां दोन पायल्या ज्वारी आणि गवारीच्या शेंगांच्या उसऱ्या त्यांच्याकडून रोख भावानें विकत घेतल्या. ही रीत आम्हांस बरी वाटली; देणाऱ्याचा हात वर राहत नाहीं.

चवथ्या दिवशीं सकाळीं तंबू उतरले. खड्डे बुजविले, राख पुरली, कागद-कपटा आणि प्लास्टिक तीन पोत्यांत भरून परत न्यावयास मोटारीवर बांधलें. निघण्यापूर्वीं मातोश्रींनीं आधार घेऊन पाण्यापर्यंत नेण्यास सांगितलें. शेताच्या आजीही सोबत आल्या. देवीपुढें ठेवून आणलेल्या प्रसादाच्या नारळाची अर्धी वाटी मातोश्रींनीं त्यांच्या हातांत दिली आणि विचारलें, "तुमचें घर नेमकें कोणत्या बाजूस?" त्यांनीं दाखविलें. दोघींनीं त्या दिशेस हात जोडले. आम्ही मागें उभे होतों, आम्हीही जोडले.

मोटारींत बसल्यावर बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मग मातोश्री म्हणाल्या, "आपण चार दिवस घर सोडून राहिलों, त्याला सहल म्हणायचें. तिचीं माणसें सहा महिने राहतात. पाडव्याला तीं परत आलीं कीं नाहीं, तें मला फोन करून विचारून सांगा." पाडव्यास आम्ही फोन केला. मुलगा, सून आणि लेंकरूं सुखरूप परत आलीं होतीं.

ज्या वाचकांच्या मनांत असा बेत येईल, त्यांस शेवटीं एवढेंच सांगणें आहे. कार्तिक ते माघ हा काळ चांगला. मार्गशीर्ष-पौषांत पक्षी असतात, पौष-माघांत हुरडा असतो. शुक्ल पक्ष धरावा. जागेच्या धन्याची संमति आधीं घ्यावी, पाळ्यांचा कागद त्याच्याही आधीं लिहावा. लागेल तें पिण्याचें पाणी न्यावें, केलेला कचरा परत आणावा, आणि आसपासच्या घरीं जाऊन बसण्यास निदान एक सकाळ मोकळी ठेवावी. पौष यंदाही येणार आहे. वहिनींनीं आतांपासूनच कागद लिहावयास घेतला आहे. त्यांत या खेपेस पुरुषांच्या वाट्यास तीनऐवजीं चार जेवणें आलीं आहेत.